न्हाणीतली मडकी

ज्या उन्हाळ्यात आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं, त्या उन्हाळ्यात एका माणसाचे बूट पांढरेशुभ्र असायचे. बायका हापशावर घागरींची रांग लावून दिवस काढायच्या, टँकर आला की एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि हा गृहस्थ पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट घालून आमच्या आळीतून रुबाबात फिरायचा. ते बूट कोण धुतं, कोणाच्या घागरीतल्या पाण्यानं धुतं, हे एकाही शहाण्यानं त्याला विचारलं नाही. विचारणार कसं? तो संदेष्टा होता म्हणे. प्रभू त्याच्याशी रोज बोलायचा. त्या वर्षी आमच्या भागात प्रभूला बोलण्यासारखी दुसरी पुष्कळ माणसं होती, पण ते असो.

हा काही आभाळातून पडला नव्हता. आमच्याच ख्रिस्ती आळीत जन्मला, तिथंच शेंबूड पुसत मोठा झाला. मग बोअरच्या गाडीवर कामाला लागून आंध्राकडे गेला. पुढं देगलूरकडच्या कुणा मांत्रिकाच्या हाताखाली लिंबं कापतो असं कानावर आलं. नंतर हैदराबादेत मोठ्या मंडपांतल्या प्रार्थनासभांमध्ये माईक धरून उभा राहायचा. टिकला कुठंच नाही, पण प्रत्येक धंद्यातलं थोडं थोडं उचलून गावी परतला, आणि सडकेच्या कडेला पत्र्याचं शेड ठोकून त्यालाच आपली मंडळी, म्हणजे चर्च, म्हणायला लागला.

आमचं जुनं ख्रिस्ती देऊळ होतं. आजोबांच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा बांधलेलं, विटांचं, एका घंटेचं. महिन्यातून एकदा म्हातारे पाळकसाहेब सायकलवरून यायचे आणि स्वच्छता, सत्य आणि शाळेची हजेरी यांवर इतका कंटाळवाणा उपदेश करायचे की माणसं बसल्या जागी पेंगायची. त्यात चमत्कार नव्हता, पण खोटंही नव्हतं. त्या माणसानं उभ्या जन्मात कुणाचं भूत काढलं नाही आणि कुणाच्या अंगात घातलंही नाही. लोकांना तेच पटेना. दुष्काळात असला सपक देव काय कामाचा?

शेडमधला देव मात्र तिखट होता. तिथं पवित्र शास्त्र लाल फडक्यावर ठेवलेलं असायचं आणि त्याच्यावर लिंबू. काळ्या दोऱ्यात पत्र्याचा क्रूस ओवून तो पोरांच्या दंडाला बांधायचा. खोबरेल तेलाच्या बाटलीवर हात ठेवून डोळे फिरवले की ते अभिषेकाचं तेल व्हायचं. आणि सगळ्यात मोठी उपासप्रार्थना कधी? तर अमावास्येला! मी वडिलांना म्हटलं, "बाबा, प्रभूला अमावास्या कधीपासून चालायला लागली?" तर ते म्हणाले, "तू शाळेत शिकीव. देवाचं आम्हाला कळतंय."

मी तेव्हा चाकूरला शाळेत शिक्षिका होते. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की एस.टी. धरून उदगीरमार्गे गावी यायचे आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं परतायचे. त्यामुळे दर आठवड्याला गाव थोडं आणखी येडं झालेलं मला दिसायचं. घरात राहणाऱ्याला दूध नासताना कळत नाही, बाहेरून आलेल्याला वास येतो.

पहिल्यांदा शेडमध्ये आमचीच माणसं जायची. मग किराणा दुकानदाराची बायको जायला लागली. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि दंडाला काळ्या दोऱ्यातला क्रूस. मग बागायतदारांच्या घरच्या बायका डोक्यावर पदर घेऊन, आमच्या आळीतून जाताना अंग चोरत, पण जायच्या. एरवी आमच्या विहिरीचं पाणी त्यांना चालत नसे. पण आमचा संदेष्टा चालला. अडला हरी, दुसरं काय.

त्याच्या भविष्यवाण्यांचं गुपित कळायला फार अक्कल लागत नव्हती. त्याच्याबरोबर एक बाई आलेली होती, तिला तो 'प्रार्थनायोद्धा' म्हणायचा. ही योद्धा दिवसभर घागर घेऊन हापशाच्या रांगेत बसायची आणि नंबर आला की मागचीला पुढं जाऊ द्यायची. रांगेत बायका काय बोलतात? कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा बैल चारा छावणीत मेला, कोण कोणाशी भांडलं. सकाळी हापशावर जे ऐकलं, ते संध्याकाळी प्रभू सांगायचा. आणि ज्या बायकांनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, त्याच ऐकून रडायच्या. मला त्या रडण्याची कीव यायला हवी होती. खरं सांगायचं तर रागच यायचा.

लोकांना त्या वर्षी दोन गोष्टी हव्या होत्या. एक पाणी आणि दुसरी लातूरची नोकरी. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवी झेडपी, नवे शिपाई, नवे कारकून. ज्याच्या घरात दहावी नापास का होईना पोरगा होता, त्याला वाटायचं की लातुरात एक खुर्ची आपल्या पोराची वाट बघत बसली आहे. संदेष्ट्यानं हे बरोबर हेरलं. त्याला आता दृष्टान्तात कचेऱ्या दिसायला लागल्या. "मला एक पंखा दिसतो, पंख्याखाली टेबल दिसतं, टेबलाला तुझं लेकरू दिसतं," असं म्हणाला की बाप पायावर लोळण घ्यायचा.

आमच्या घरी तो बाप माझेच वडील होते.

घरात आम्ही चौघं. वडील, माझा मोठा भाऊ, मी आणि आत्या. आई माझ्या लहानपणीच वारली. आत्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली, आणि आई गेल्यावर तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. ती दाई होती. आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांत तिशीच्या आतलं जे कोणी चालतं-बोलतं दिसेल, ते बहुतेक तिच्याच हातांवर जगात आलेलं. मोठ्या घरांत तिला मागच्या दारानं नेत, पोर तिच्या हातातून घेत, आणि ती गेली की घर शिंपडून घेत. ती हसायची. म्हणायची, "लेकराला पहिला हात माझाच लागलाय. आता शिंपडू दे किती शिंपडायचं ते."

बाळंतपण झालं की बाळामागून पडलेली वार पुरायची. ही रीत आमच्याकडे सगळ्या जातींत होती आणि आम्ही ख्रिस्ती झालो तरी सुटली नव्हती. नव्या मडक्यात वार ठेवायची, वर मीठ-हळद, एक सुई, एक बिब्बा, जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, आणि न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथं बाळंतीण आणि बाळ आंघोळ करतात, तिथं खोल खड्डा करून मडकं गाडायचं. सुई-बिब्बा कशाला, तर लेकराला दृष्ट लागू नये म्हणून. पाळकसाहेबांना हे पसंत नव्हतं, पण ते नाक मुरडण्यापलीकडे गेले नाहीत. आत्या त्यात आणखी एक वस्तू टाकायची. मुलगा असला तर भोकाचा तांब्याचा पैसा आणि मुलगी असली तर हिरवी काचेची बांगडी. "माती विचारंल ना, कोण हाय म्हणून," असं ती सांगायची. गावातल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं, कारण पैसा नाहीतर बांगडी त्या घरातूनच द्यावी लागे.

म्हणजे आमच्या गावात कोणाच्याही घरी जा, न्हाणीशेजारी उकरा, सुई आणि बिब्बा असलेलं मडकं सापडणारच. हे ओळखायला संदेष्टा व्हायची गरज नव्हती. फक्त त्या गावात जन्म घ्यावा लागत होता.

भावाला लातूरहून दोनदा मुलाखतीचं बोलावणं आलं आणि दोन्हीदा तो हात हलवत परतला. तो मुलाखतीत गप्प बसायचा. घरीसुद्धा गप्पच बसायचा, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण वडील शेडमध्ये गेले. तिथं उत्तर तयार होतं. "घर बांधलेलं हाय. भानामती हाय. आणि करणारी उंबऱ्याच्या आतच हाय."

भानामती हा शब्द आमच्या भागात उच्चारला की मग कोणी डोकं वापरत नाही. कपडे आपोआप पेटले, भानामती. बाई घुमायला लागली, भानामती. आता ती देवळातही आली होती, फक्त शेवटी आमेन म्हणायचं.

त्या शनिवारी मी घरी पोचले तर अंगणात ही गर्दी. संदेष्टा आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलेला, डोळे मिटलेले, तोंडानं कुठल्याच भाषेत नसलेले शब्द पुटपुटत. भाऊ टिकाव घेऊन न्हाणीचा कोपरा खणत होता. आत्या कुडाला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. आपल्या घरात ही कसली जत्रा भरली आहे, एवढंच आश्चर्य होतं.

"थोडं खाली. प्रभू दाखवून राहिला मला," संदेष्टा म्हणाला.

टिकाव मडक्यावर वाजला आणि गर्दीनं श्वास आत ओढला. मडकं वर आलं. चिंधी कधीच कुजली होती. आत माती, गंजलेली सुई, काळाठिक्कर बिब्बा आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. संदेष्ट्यानं एकेक वस्तू चिमटीत धरून दाखवली. सुई पोराचं नशीब टोचायला. बिब्बा पोराचं तोंड काळं करायला. आणि बांगडी? "इधवा बाईची बांगडी. माझी फुटली तर तुमच्या घरात कुणाचीच भरू नये, असा शाप हाय ह्यो."

बांगडी माझी होती. आमच्या घरात जन्मलेली मुलगी मी एकटी.

आत्या म्हणाली, "आरं, वार हाय ती. ह्या पोरीची. मीच पुरली. तुम्हा समद्यांना मालूम न्हाई व्हय?"

अंगणात निदान वीसेक बायका होत्या. त्यांतल्या अर्ध्यांची बाळंतपणं आत्यानं केली होती. एकीनंही मान हलवली नाही. कोणी पदर नीट केला, कोणी पोराला कडेवर घेतलं. माझ्या तोंडात शिव्या आल्या आणि मी त्या दिल्यासुद्धा. "तुमच्या घरी काय पुरलंय मग? गुप्तधन?" असं मी ओरडले. वडील माझ्यावर धावून आले.

"गप बस! पोराच्या पोटावर पाय आलाय हितं, अन् तू तोंड चालवतीस?" मग आत्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, तू गोठ्यात ऱ्हा आता. प्रभू सांगंल तवर."

गोठा रिकामाच होता. आमची देवणी बैलजोडी छावणीत होती. आत्यानं आपलं अंथरूण उचललं आणि गेली. संदेष्टा मडकं फडक्यात गुंडाळून पुरावा म्हणून घेऊन गेला. खरं तर असं गिऱ्हाईक आयतं मिळाल्यावर मांत्रिक काय सोडतो? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्या घरी पांढरे बूट घालून आला होता.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. मला वाटत होतं चार माणसांसमोर त्याला विचारलं की तो तोंडघशी पडेल. म्हटलं, "तुझा जन्म पण आमच्या आत्याच्याच हातचा. तुझ्या घरच्या न्हाणीतही मडकं आहे. मग तुझ्यावरही भानामती का?"

तो हसला. हसणं अगदी तेल लावून आलेलं. "सलाम, ताई. बरं झालं तुम्हीच बोललात," तो म्हणाला आणि मागं वळून लोकांना हाका मारायला लागला. "ऐकलं का? ताईच्याच तोंडून प्रभूनं वदवून घेतलं. एक घर न्हाई, समदं गाव बांधलंय तिनं! म्हणून पाऊस न्हाई! मी बांधलेलाच होतो, प्रभूनं मला सोडवला, अन् तुम्हाला सोडवाया धाडला!"

ढोलकी सुरू झाली. हालेलुयाचा एकच गजर. मी तिथं उभी राहून बघत होते आणि मला कळत होतं की ह्या माणसाला हरवता येणार नाही, कारण त्याला खरं-खोटं ह्यात रसच नाही. मी दिलेला दगड त्यानं पायरीला लावला होता. पुढच्या रविवारी प्रत्येक घरानं आपलं मडकं उकरून शेडपुढं आणायचं, तिथं ते जाळायचं, आणि बांधणारीनं सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करून गाव सोडायचं, असा हुकूम सुटला.

तो आठवडा मी चाकूरला मुलांना काय शिकवलं ते देवाला ठाऊक. मला एकच घोर होता. आत्याला दुसरं घर नव्हतं. सासरी कोणी उरलं नव्हतं. ह्या गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर तिचा हक्क होता असं आम्ही लहानपणापासून समजत होतो, आणि आता त्यातला एकही उंबरा तिचा नव्हता. म्हटलं, पाळकसाहेबांना बोलवावं. पण ते अंथरुणाला खिळले होते.

शनिवारी घरी आले, हातपाय धुवायला न्हाणीत गेले. म्हणजे धुवायला कसलं, ओलं फडकं फिरवायला. तेव्हा मला एक गोष्ट दिसली. माझं मडकं काढलेला खड्डा तसाच उघडा पडला होता. पण त्याच्या शेजारचा कोपरा शेणानं सारवलेला होता. अगदी नीट, हातानं गुळगुळीत केलेला. गावात प्यायला पाणी नाही, आणि आमच्या घरी न्हाणी सारवली जाते! मी वडिलांना विचारलं तर म्हणाले, "घाण वाटत होती." मी पुढं विचारलं नाही. डोक्यात दुसरंच होतं.

रविवारी आत्या स्वतःच निघाली. धुतलेलं लुगडं नेसली, केस विंचरले. मी म्हटलं, "आत्या, नको जाऊ. आपण आत्ताच चाकूरला जाऊ." ती म्हणाली, "तिथं न जाता गाव सोडलं तर मी खरंच केलं असं व्हईल. चल."

शेडपुढं मडक्यांची रांग लागली होती. आमच्या आळीतली, दुकानदाराच्या घरची, बागायतदारांच्या घरची. जातपात विसरून गाव एका रांगेत आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि ते ह्या कामासाठी. सगळ्यांच्या पुढं लाल फडक्यावर माझं मडकं. बाजूला रॉकेलचा डबा. संदेष्टा माईक घेऊन उभा. बुटांवर धुळीचा कण नाही.

"कबूल कर, बाई," तो म्हणाला.

आत्या पहिल्या मडक्यापाशी खाली बसली आणि त्यात हात घातला. बांगडीचा तुकडा बाहेर काढून बघितला, परत ठेवला. दुसऱ्यात हात घातला. बांगडी. तिसऱ्यात. बांगडी. आधी ती सावकाश बघत होती, मग भराभर बघायला लागली. गुडघ्यांवर सरकत सरकत ती रांगेच्या टोकाला पोचली तेव्हा ढोलकी थांबली होती.

ती उठली. लोकांकडे वळली.

"पैसा कुठं हाय?" ती म्हणाली.

तिनं रांगेकडे हात केला.

"एकाबी मडक्यात पैसा न्हाई. मी काय समद्या पोरीच काढल्या व्हय ह्या गावात?" मग तिनं दुकानदाराच्या बायकोकडे बघितलं. "तुला तीन पोरं अन् एक पोरगी. एकच मडकं आणलंस. बाकीची कुठं गं?"

दुकानदारणीनं पदर तोंडावर घेतला. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या न्हाणीचा सारवलेला कोपरा उभा राहिला आणि मला सगळं एकदम कळलं. ह्यांनी पोरांची आणि पोरींची, दोन्ही मडकी खणली होती. प्रत्येकानं. आत डोकावून बघितलं, पैसा दिसला की हळूच परत पुरलं, वर घोटभर पाणी खर्चून सारवलं, आणि बांगडी दिसली ते उचलून आणलं. म्हणजे मडक्यात वार आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. भानामती खोटी आहे हेही माहीत होतं. पण न जाणो, खरी निघाली तर? म्हणून जाळायचंच असेल तर मुलीचं जाळावं. पोराच्या वारेला धक्का नको.

मूर्ख माणसांची मला चीड येते, पण मूर्खाला निदान क्षमा करता येते. हे मूर्ख नव्हते.

आत्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "पोराचं कुठं हाय रं?"

वडील पायांकडे बघत म्हणाले, "लई खोल बसलंय, अक्का. निघंना."

"सारवायला निघालं वाटतं," मी म्हणाले.

संदेष्ट्यानं प्रसंग ओळखला. माईकवर मोठ्यानं आरोळी ठोकली, ढोलकीवाल्याला डोळा घातला, आणि गजर सुरू झाला. आत्या पुढं गेली आणि लाल फडक्यावरचं माझं मडकं उचललं. तो म्हणाला, "हात लावू नगं!" ती म्हणाली, "माझ्या हातानं ठेवलेलं हाय. मीच नेते." तिला अडवायची त्याची छाती झाली नाही. आणखी एकच बाई पुढं आली, एका बागायतदाराची धाकटी सून. तिनं आपल्या लेकीचं मडकं पदराखाली घेतलं आणि मान खाली घालून निघून गेली. घरी तिला त्याबद्दल मार बसला असं नंतर कळलं. उरलेल्या मडक्यांवर रॉकेल ओतून काडी लावली. मडकी ती, कुंभाराच्या आव्यात भाजूनच आलेली. काळी पडली, एवढंच.

आत्यानं घरातून दोन लुगडी आणि तिची पेटी घेतली. वडील ओट्यावर बसून होते. जाऊ नको, असं एकदा म्हटलं असतं तर ती थांबली असती, हे मला आजही वाटतं. ते म्हणाले, "गाडी भेटंल ना आता?"

पुढं पाऊस पडला. पाऊस कधी ना कधी पडतोच, पण त्या वर्षीचा संदेष्ट्यानं पाडला. भावाला लातूरला शिपायाची नोकरी लागली, तीही आमच्या एका सोयऱ्यानं एका साहेबाचे पाय धरले तेव्हा. श्रेय शेडला गेलं. संदेष्टा मोठा झाला, नायगावकडे त्यानं ह्याच्या तिप्पट शेड बांधलं असं ऐकते. बूट अजून पांढरेच असतील.

चाकूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीमागं छोटी न्हाणी होती. आत्यानं आल्याबरोबर माझं मडकं तिथं पुरलं. घरमालकीण म्हातारी विधवा होती. तिनं फक्त विचारलं, "पोरीचं का?" आणि स्वतः पहार आणि खुरपं आणून दिलं.

काही वर्षांनी वडील आमच्या दारात आले. भावाचं लग्न झालं होतं, वहिनी गावीच असायची. तिचे दिवस भरले होते, तिला माहेर नव्हतं आणि ती हट्टाला पेटली होती की आत्या आली तरच. वडील बाजेवर टेकले, घाम पुसला. म्हणाले, "अक्का, चल. पोरगी लई घाबरून राहिली."

आत्यानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मग विचारलं, "पोरगी झाली तर वार कुठं पुरू?"

वडिलांनी कप खाली ठेवला. "पुर की न्हाणीत," असं म्हणाले, पण इतकं हळू की ते त्यांनाही खरं वाटलं नसावं.

ती गेली. मला त्याचाही राग आला. मी म्हटलं, कशाला जातेस, मरू दे त्यांना. ती म्हणाली, "अडलेलीचा काय गुन्हा?"

परत आली ती संध्याकाळच्या एस.टी.नं. मांडीवर कापडानं घट्ट तोंड बांधलेलं नवं मडकं. कंडक्टरनं विचारलं होतं काय आहे, तर तिनं सांगितलं, लोणचं. वहिनी सुखरूप होती. मुलगी झाली होती, चांगली धडधाकट.

आम्ही दोघींनी न्हाणीत माझ्या मडक्याशेजारी खड्डा केला. तिनं मीठ टाकलं, हळद टाकली, सुई, बिब्बा टाकला आणि थांबली. बांगडी घरातून द्यायची असते. वडिलांनी दिली नव्हती. मी माझ्या हातातली काढून दिली.